थायरॉइडवरील गोळी : सेवनाची शिस्त व सुरक्षितता

काही औषधे रोगजंतूंचा नायनाट करतात आणि रोग बरा झाला की त्यांचे कार्य संपते. काही औषधे मात्र शरीरात निर्माण झालेली उणीव दररोज भरून काढतात. ती उणीव कायम असेपर्यंत अशा औषधांची गरजही कायम राहते. अवटू ग्रंथी, म्हणजेच सर्वांच्या परिचयाच्या नावाने थायरॉइड, मंदावल्यानंतर दिले जाणारे थायरॉक्सिन हे या दुसऱ्या प्रकारातील औषध होय.

हा विकार आता विरळा राहिलेला नाही. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई यांसारख्या आठ शहरी केंद्रांत केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तपासलेल्या प्रौढ व्यक्तींपैकी सुमारे ११ टक्के व्यक्तींमध्ये अवटू ग्रंथीचे कार्य मंद असल्याचे आढळून आले. पुरुषांच्या तुलनेने स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक असते. सुदैवाने त्यावरील औषध प्रभावी आहे, ते महागडे नाही आणि आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत त्याचा समावेश आहे. दिवसातून एक लहानशी गोळी, एवढाच हा उपचार.

असे असूनही गोळी नेमाने घेणाऱ्या अनेक रुग्णांच्या रक्ततपासणीत अपेक्षित सुधारणा दिसत नाही. थकवा कायम राहतो, गोळीची मात्रा वाढवीत न्यावी लागते आणि औषधावरील विश्वास डळमळतो. अशा प्रसंगी दोष बहुधा औषधाचा नसतो, तर ते घेण्याच्या पद्धतीचा असतो. गोळी चहाबरोबर घेतली जाते, दुधाबरोबर घेतली जाते, किंवा लोहाच्या अथवा कॅल्शियमच्या गोळीसोबत एकाच घोटात गिळली जाते. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत तर या लहानशा चुकीची किंमत पोटातील बाळाला मोजावी लागण्याचा संभव असतो. यास्तव या औषधाच्या सेवनाचे नियम आणि त्यांमागील कारणे समजून घेणे अगत्याचे आहे.

अवटू ग्रंथीचे कार्य

गळ्याच्या पुढील भागात, श्वासनलिकेवर, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. प्रौढ माणसात तिचे वजन साधारणतः वीस ग्रॅम भरते. अन्नातून मिळणारे आयोडीन वापरून ही ग्रंथी थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते आणि रक्तात सोडते. शरीरातील प्रत्येक पेशीच्या कामाचा वेग या संप्रेरकावर अवलंबून असतो. हृदयाचे ठोके, शरीराची उष्णता, पचन, मासिक पाळी, मुलांची उंची आणि मेंदूची वाढ या सर्वांवर त्याचे नियंत्रण असते.

ग्रंथी मंदावली म्हणजे ही सर्व कामे रेंगाळतात. सतत थकवा वाटणे, थंडी सहन न होणे, वजन वाढणे, कातडी कोरडी पडणे, केस गळणे, बद्धकोष्ठ, आवाज घोगरा होणे, मासिक स्राव अधिक होणे, विसरभोळेपणा ही त्याची लक्षणे होत. ती हळूहळू दिसू लागतात. त्यामुळे वय झाले, काम फार पडते, अशी समजूत करून घेऊन ती दुर्लक्षिली जातात.

ग्रंथी मंदावण्याची कारणे अनेक आहेत. जेथे आहारात आयोडीन पुरेसे मिळते तेथे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच अवटू ग्रंथीवर केलेला हल्ला. जपानी शल्यवैद्य हाकारू हाशिमोतो यांनी या विकाराचे वर्णन १९१२ साली केले. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढून टाकलेल्या किंवा किरणोत्सर्गी आयोडीनचा उपचार घेतलेल्या रुग्णांनाही बाहेरून थायरॉक्सिन द्यावे लागते.

मेंढीच्या ग्रंथीपासून गोळीपर्यंत

या उपचाराचा प्रारंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. १८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क अंतःक्षेपणाद्वारे एका रुग्ण स्त्रीला दिला. तिची प्रकृती झपाट्याने सुधारली. पुढे हा उपचार चालू ठेवून ती आणखी अठ्ठावीस वर्षे जगली. पुढच्याच वर्षी हे औषध तोंडावाटेही देता येते असे दिसून आले. १९१४ साली अमेरिकेतील एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले. १९२७ पर्यंत हॅरिंग्टन व बार्जर या शास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत तयारही केले. आज मिळणारी गोळी प्राण्यांच्या ग्रंथीपासून बनविलेली नसून अशा कृत्रिमरीत्या तयार केलेल्या थायरॉक्सिनची असते. मात्र तिच्यातील द्रव्य आणि मानवी ग्रंथीतून स्रवणारे द्रव्य यांत रासायनिक भेद नाही.

मात्रेचे मोजमाप

थायरॉक्सिनची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एका ग्रॅमचे दहा लक्ष भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. दररोज १०० मायक्रोग्रॅमची गोळी साठ वर्षे घेतली, तरी पोटात गेलेले एकूण औषध सव्वादोन ग्रॅमच्या आतच भरते. इतक्या सूक्ष्म मात्रेवर शरीराचा सारा व्यवहार चालत असल्याने तिच्यात थोडासा फेरफार झाला, तरी त्याचा परिणाम जाणवतो. म्हणून २५, ५०, ७५, १०० मायक्रोग्रॅम अशा जवळजवळच्या मात्रांच्या गोळ्या उपलब्ध असतात. काही वेष्टनांवर मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहिलेली असते. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१ मिलिग्रॅम हे ध्यानात ठेवावे आणि नवी बाटली घेताना तिच्यावरील आकडा जुन्या बाटलीशी व डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहावा.

ग्रंथीचे कार्य पूर्णतः थांबलेल्या प्रौढ व्यक्तीस शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दररोज साधारणतः १.६ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन लागते. तथापि वय, हृदयाची स्थिती आणि विकाराची तीव्रता पाहून डॉक्टर मात्रा ठरवितात. वृद्धांना व हृदयविकाराच्या रुग्णांना एकदम पूर्ण मात्रा दिल्यास हृदयावर ताण पडून छातीत दुखू शकते. म्हणून त्यांच्या बाबतीत १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून प्रारंभ करून मात्रा सावकाश वाढविली जाते. एकाच घरातील दोघांना हा विकार असला, तरी एकाची गोळी दुसऱ्याला चालत नाही, ती याच कारणास्तव.

मात्रा योग्य आहे किंवा नाही हे रक्तातील टीएसएच या तपासणीवरून कळते. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक सोडून अवटू ग्रंथीला कामास लावते. रक्तात थायरॉक्सिन कमी पडले की पोष ग्रंथी अधिक टीएसएच सोडते. थायरॉक्सिन जास्त झाले की टीएसएच कमी होते. म्हणजेच तपासणीतील आकडा वाढलेला असेल, तर सर्वसाधारणपणे औषध कमी पडत आहे, आणि आकडा फार खाली गेला असेल, तर औषध जास्त होत आहे, असा अर्थ होतो. अनेक रुग्ण याचा उलट अर्थ लावतात आणि आकडा वाढल्याचे पाहून गोळी कमी करतात. ही चूक टाळली पाहिजे.

थायरॉक्सिन शरीरात सावकाश साठते व सावकाशच कमी होते. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे सात दिवस लागतात. मात्रा बदलल्यानंतर रक्तातील पातळी स्थिर होण्यास सहा आठवडे जातात. त्यामुळे मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. दर आठवड्यास तपासणी करून काही साधत नाही. मात्रा स्थिरावल्यावर सर्वसाधारणपणे सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी पुरेशी होते.

गोळी केव्हा व कशी घ्यावी

थायरॉक्सिन लहान आतड्यातून रक्तात शोषले जाते. पोट रिकामे असताना हे शोषण उत्तम होते. पोटात अन्न असले म्हणजे औषधाचा काही भाग वाया जातो. यासाठी सकाळी उठल्यावर अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्य तर एक तास, काहीही खाऊ-पिऊ नये. आपल्याकडे दिवसाची सुरुवात चहाने होते. पण या औषधाच्या बाबतीत गोळी आधी आणि चहा नंतर, हा क्रम पाळावयास हवा. चहा, कॉफी किंवा दूध यांबरोबर गोळी घेऊ नये.

पहाटेच पाणी भरणे, स्वयंपाक, शेतावर जाण्याची घाई यांमुळे ज्यांना सकाळची वेळ साधत नाही, त्यांनी डॉक्टरांच्या संमतीने रात्री झोपताना, शेवटच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी, गोळी घेतली तरी चालते. महत्त्व आहे ते दररोज एकच वेळ आणि एकच पद्धत पाळण्याला.

उपवासाच्या दिवशी गोळी चुकविण्याचे कारण नाही. एकादशी, संकष्टी किंवा श्रावणातील उपवास असला, तरी पाण्याच्या घोटाबरोबर घ्यावयाची ही गोळी नित्याप्रमाणे घ्यावी. रमजानच्या महिन्यात सहरीपूर्वी अर्धा तास किंवा रात्री जेवणानंतर तीन तासांनी ती घेता येते. याबाबत महिना सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून घेणे हिताचे.

एखाद्या दिवशी गोळी राहून गेली आणि त्याच दिवशी आठवण झाली, तर पोट रिकामे असेल अशा वेळी ती घ्यावी. औषध शरीरात काही दिवस टिकून राहत असल्याने एका दिवसाच्या खंडाने अपाय होत नाही. म्हणून घाबरून जाऊ नये आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मनाने दुप्पट गोळ्याही घेऊ नयेत. वारंवार विसर पडत असेल, तर बाटली रात्री पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवणे किंवा भिंतीवरील दिनदर्शिकेवर रोज खूण करणे, असे साधे उपाय उपयोगी पडतात.

लोह, कॅल्शियम आणि चार तासांचे अंतर

लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या थायरॉक्सिनसोबत पोटात गेल्या, तर पचनमार्गात ते थायरॉक्सिनला बांधून ठेवतात. असे जखडलेले औषध रक्तात न जाता शरीराबाहेर टाकले जाते. रुग्णाने गोळी घेतलेली असते, पण ती लागू पडत नाही. आम्लपित्तावरील ॲल्युमिनियमयुक्त औषधे, अल्सरवर दिले जाणारे सुक्राल्फेट आणि कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी दिले जाणारे कोलेस्टिरामाइन यांचाही असाच परिणाम होतो. म्हणून थायरॉक्सिन आणि ही औषधे यांच्या वेळांत किमान चार तासांचे अंतर ठेवणे आवश्यक असते.

हा नियम ग्रामीण भागात विशेष महत्त्वाचा ठरतो. गर्भवती व स्तनदा मातांना सार्वजनिक आरोग्य यंत्रणेमार्फत लोह-फॉलिक ॲसिडच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या पुरविल्या जातात. गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून दररोज ६० मिलिग्रॅम लोह असलेली तांबड्या रंगाची एक गोळी आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या दोन गोळ्या घ्यावयाच्या असतात. रक्तक्षय आणि गरोदरपणातील रक्तदाब यांपासून मातेचे संरक्षण करणाऱ्या या गोळ्या अत्यंत आवश्यक आहेत. थायरॉक्सिन चालू आहे म्हणून त्या बंद करणे सर्वथा चुकीचे होय. गरज आहे ती केवळ वेळा वाटून देण्याची.

उदाहरणार्थ, सकाळी सहा वाजता अनशापोटी थायरॉक्सिन घ्यावे आणि सात वाजता न्याहारी करावी. दुपारी साडेबारा वाजता जेवणाबरोबर कॅल्शियमची पहिली गोळी घ्यावी. कॅल्शियममुळे लोहाच्या शोषणातही अडथळा येत असल्याने लोहाची गोळी दुपारी साडेचार वाजता स्वतंत्रपणे घ्यावी. रात्री आठ वाजता जेवणाबरोबर कॅल्शियमची दुसरी गोळी घ्यावी. या वेळापत्रकात तिन्ही औषधांना आपापले काम करण्यास वाव मिळतो. आशा स्वयंसेविकेने किंवा आरोग्यसेविकेने गोळ्या हाती देताना या चार वेळा एका कागदावर लिहून दिल्या आणि घरातील सासूबाईंना किंवा पतीला समजावून सांगितल्या, तर हा गोंधळ मुळातच टळतो.

शाळांतून किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी दिली जाते. थायरॉक्सिन घेणाऱ्या विद्यार्थिनीलाही ती देण्यास हरकत नाही. सकाळी सहाच्या सुमारास थायरॉक्सिन घेऊन दुपारच्या भोजनानंतर लोहाची गोळी घेतल्यास चार तासांहून अधिक अंतर आपोआप राखले जाते. मात्र सकाळच्या सत्रात भरणाऱ्या शाळेत गोळी लवकर दिली जात असल्यास शिक्षकांनी अशा विद्यार्थिनीच्या वेळेची खात्री करून घ्यावी.

मातेच्या गोळीवर बाळाचा हक्क

गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची अवटू ग्रंथी कार्यक्षम झालेली नसते. या काळात त्याच्या मेंदूच्या वाढीस लागणारे थायरॉक्सिन मातेकडूनच मिळते. साधारणतः बाराव्या आठवड्याच्या सुमारास बाळाची ग्रंथी संप्रेरक तयार करू लागते, परंतु त्यानंतरही बराच काळ ते मातेच्या पुरवठ्यावर अवलंबून असते. मातेच्या शरीरात थायरॉक्सिन कमी पडल्यास गर्भपात, अकाली प्रसूती, कमी वजनाचे बाळ यांचा धोका वाढतो आणि बाळाच्या बौद्धिक विकासावरही परिणाम होऊ शकतो.

गर्भारपणात थायरॉक्सिनची गरज सर्वसाधारणपणे पाव ते एकतृतीयांश हिश्श्याने, कधी त्याहूनही अधिक वाढते आणि ही वाढ अगदी पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते. म्हणून थायरॉक्सिन घेत असलेल्या स्त्रीने गर्भधारणेचा विचार असतानाच तपासणी करून घ्यावी आणि पाळी चुकल्यावर काय करावयाचे ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. गर्भधारणा निश्चित होताच आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे दोन दिवस एकेक गोळी अधिक, घ्यावी व त्वरित तपासणीस यावे, असा सल्ला डॉक्टर अनेकदा देतात. त्यानंतर निम्मे गर्भारपण सरेपर्यंत साधारणतः दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहिले जाते. प्रसूतीनंतर मात्रा पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आणली जाते.

गरोदरपणात कोणतेही औषध घेऊ नये, अशी समजूत समाजात रुजलेली आहे. इतर अनेक औषधांच्या बाबतीत ती सावधगिरी योग्यच आहे. परंतु या भीतीपोटी थायरॉक्सिन बंद केले जाते तेव्हा बाळाला जे मिळावयास हवे तेच हिरावून घेतले जाते. हे औषध गर्भारपणात सुरक्षित आहे, आणि अंगावर पाजत असतानाही ते चालू ठेवावयाचे असते.

नवजात बालक व दोन आठवड्यांची मुदत

काही बालके जन्मतःच अवटू ग्रंथीशिवाय किंवा मंद ग्रंथी घेऊन येतात. आपल्या देशात साधारणतः एक हजार ते बाराशे जन्मांमागे अशा एका बालकाचा जन्म होतो. मातेकडून मिळालेल्या संप्रेरकामुळे पहिल्या काही दिवसांत बाळ निरोगी दिसते. पुढे कावीळ लांबणे, दूध कमी ओढणे, सतत झोपणे, बद्धकोष्ठ, जीभ मोठी दिसणे, बेंबीचा फुगवटा ही लक्षणे दिसू लागतात. मात्र लक्षणांची वाट पाहत बसल्यास मेंदूची झालेली हानी भरून येत नाही. म्हणून जन्मानंतर साधारणतः दोन-तीन दिवसांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी करणे आणि विकार आढळल्यास दोन आठवड्यांच्या आत औषध सुरू करणे हिताचे असते. वेळेवर उपचार सुरू झालेली बहुसंख्य बालके इतर मुलांप्रमाणेच वाढतात, शिकतात.

बाळाला गोळी देताना ती स्वच्छ चमच्यात चुरून, आईच्या थोड्याशा दुधात किंवा उकळून निवविलेल्या पाण्यात मिसळून लगेच पाजावी. मिश्रण तयार करून ठेवू नये. दुधाच्या बाटलीतही गोळी टाकू नये, कारण बाळाने दूध अर्धवट सोडल्यास किती औषध पोटात गेले ते कळत नाही. लोह किंवा कॅल्शियमचे थेंब याच वेळी देऊ नयेत. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हे औषध एक दिवसही बंद करता कामा नये, कारण आयुष्याची पहिली तीन वर्षे मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने निर्णायक असतात.

अधिक मात्रेचे धोके

औषध कमी पडल्याने जशी हानी होते, तशीच ते जास्त झाल्यानेही होते. छातीत धडधड, हात थरथरणे, घाम येणे, झोप न लागणे, वजन घटणे, जुलाब ही मात्रा अधिक झाल्याची लक्षणे होत. दीर्घकाळ अधिक मात्रा घेतल्यास, विशेषतः वृद्धांमध्ये, हृदयाची लय बिघडते आणि पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात. अशी लक्षणे दिसताच डॉक्टरांची भेट घ्यावी. छातीत दुखणे किंवा श्वास लागणे हे तर तातडीचे समजावे.

अवटू ग्रंथी निरोगी असताना केवळ वजन उतरविण्यासाठी थायरॉक्सिन घेण्याचा मोह काहींना होतो. हा प्रकार घातक आहे. नेहमीच्या मात्रेत त्याने वजन उतरत नाही आणि मोठ्या मात्रेत प्राणावर बेतू शकते.

दुसऱ्या बाजूने, बरे वाटू लागले म्हणून औषध सोडून देणेही तितकेच धोक्याचे. बरे वाटते ते गोळीमुळेच. गोळी थांबल्यावर काही आठवड्यांनी लक्षणे परततात. वृद्ध रुग्णाने दीर्घकाळ औषध सोडल्यास एखाद्या तापाच्या किंवा कडाक्याच्या थंडीच्या निमित्ताने शुद्ध हरपण्यापर्यंत प्रकृती बिघडू शकते. प्रसूतीनंतर उद्भवलेला किंवा सौम्य स्वरूपाचा विकार काही वेळा तात्पुरता असतो आणि तेव्हा औषध थांबविता येते. तो निर्णय तपासणी करून डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.

अन्य औषधे व आहार

क्षयरोगावरील रिफाम्पिसिन, तसेच अपस्मारावरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन या औषधांमुळे शरीरातील थायरॉक्सिन लवकर संपते आणि मात्रा वाढवावी लागते. क्षयरोगाचा उपचार सुरू होताना रुग्णाने आपण थायरॉइडची गोळी घेत असल्याचे अवश्य सांगावे. आम्लपित्तावरील ओमेप्राझोलसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास थायरॉक्सिनचे शोषण कमी होऊ शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम थायरॉक्सिनमुळे वाढतो, तर मधुमेहाच्या औषधांची मात्रा बदलावी लागण्याचा संभव असतो. केसांसाठी व नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनमुळे तपासणीचा आकडाच चुकू शकतो, म्हणून रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस ते थांबवावे.

कोबी, फ्लॉवर यांसारख्या भाज्या शिजवून नेहमीच्या प्रमाणात खाण्यास हरकत नाही. सोयाबीनचे पदार्थ मात्र गोळीच्या वेळी टाळावेत. आयोडीनयुक्त मिठाबाबतही गैरसमज आढळतो. दहा लक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असलेले मीठ घरोघर वापरले जाणे हा गलगंड टाळण्याचा खात्रीचा उपाय आहे. परंतु ग्रंथी एकदा निकामी झाल्यावर आयोडीन किंवा अन्य कोणताही पाला, चूर्ण वा काढा थायरॉक्सिनची जागा घेऊ शकत नाही.

साठवण व स्थलांतर

ऊन, दमट हवा आणि उष्णता यांमुळे गोळीची शक्ती कमी होते. बाटलीचे झाकण घट्ट लावून ती थंड, कोरड्या जागी, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावी. चुलीजवळचा कोनाडा किंवा उन्हात येणारी खिडकी ही योग्य जागा नव्हे. गोळ्या पुडीत बांधून ठेवू नयेत. शक्यतो एकाच कंपनीची गोळी घ्यावी आणि कंपनी बदलावी लागल्यास सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करून घ्यावी.

ऊसतोडीसाठी चार-सहा महिने गाव सोडणारी कुटुंबे आणि आषाढी वारीसाठी तीन आठवडे चालणारे वारकरी यांनी निघतानाच पुरेशा गोळ्या व डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घ्यावी. चिठ्ठी असल्यास परगावीही योग्य मात्रेची गोळी मिळविता येते.

गावपातळीवरील कर्तव्य

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत गलगंडाचाही समावेश आहे. मात्र तपासणी पथक वर्षातून एक-दोनदाच येते. मुले शिक्षकांसमोर रोज असतात. एखाद्या विद्यार्थ्याची उंची दोन वर्षे वाढलीच नाही, पूर्वी चुणचुणीत असलेली मुलगी मागे पडू लागली व वर्गात पेंगू लागली, गळ्याशी सूज दिसू लागली, तर तिला आळशी न ठरविता पालकांना तपासणीचा सल्ला देणे हे शिक्षकांच्या हाती आहे.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत आणि महिला मेळाव्यांत हा विषय घ्यावा. विवाह ठरविताना मुलीची ही गोळी लपविली जाते आणि सासरी गेल्यावर चारचौघांत ती घेण्याचा संकोच वाटून औषध सुटते. त्यानंतर काही महिन्यांतच ती गर्भवती राहिली, तर बाळाच्या वाढीचे सर्वांत नाजूक आठवडे औषधाविना जातात. वेळेवर गोळी घेणारी स्त्री निरोगी माणसासारखेच आयुष्य जगते, ही गोष्ट गावातील वडीलधाऱ्यांनी उघडपणे सांगितली, तर हा संकोच दूर होण्यास मदत होईल. आरोग्य व बालविकास विभागांतील अधिकाऱ्यांनी गोळ्यांच्या वाटपासोबत वेळांचेही मार्गदर्शन होते किंवा नाही, याकडे लक्ष पुरवावे.

अनशापोटी, पाण्याबरोबर, रोज ठरलेल्या वेळी, लोह व कॅल्शियमपासून चार तास दूर, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी-जास्त वा बंद न करता : एवढे पथ्य सांभाळले, तर ही लहानशी गोळी आपले काम चोख बजावते. हे पथ्य पाळण्यास खर्च येत नाही. त्यासाठी हवी ती योग्य माहिती, आणि ती माहिती गोळी घेणाऱ्या प्रत्येक घरापर्यंत पोहोचविणारी माणसे.